कातरवेळ आणि भाडेपावत्यांची पिशवी

प्रश्न थोडक्यात असा: "सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. लालबागच्या चाळीत त्यांनी ४५ वर्षं काढली. चाळ पुनर्विकासात गेली, तिथली जागा विकून आम्ही भांडुपला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. आता रोज सहा-साडेसहाला त्या पिशवी भरतात. त्यात दोन साड्या, रेशनकार्ड, जुन्या भाडेपावत्या आणि खोलीचं कुलूप असतं. मग दाराशी उभ्या राहून 'मला घरी जायचंय' म्हणतात. 'हेच आपलं घर' म्हटलं की चिडतात, 'तू कोण मला अडवणारी?' असं विचारतात. खोटं बोलायला माझं मन धजत नाही. नवरा म्हणतो, मनावर घेऊ नकोस. नणंद महिन्यातून एकदा बोरिवलीहून येते, तिला सगळं ठीक वाटतं. गेल्या आठवड्यात मी त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. मी वाईट आहे का?"

ताई, शेवटच्या दोन ओळींपासून सुरू करते, कारण त्या लिहिणं तुम्हाला सर्वांत जड गेलं असणार. वळ उठला हे वाईट झालं, आणि ते मी गुळात घोळवून सांगणार नाही. पण महापालिकेच्या रुग्णालयात स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) ओपीडीत समाजसेविका म्हणून मी २२ वर्षं बसते आहे. 'माझा हात उचलला गेला' असं स्वतःहून सांगणाऱ्या सुना, मुली, नवरे तिथं अनेकदा समोर आले. त्यांच्यात दुष्टपणा मला क्वचितच दिसला, थकवा मात्र प्रत्येकात दिसला. जे लपवतात त्यांची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही सांगितलंत, म्हणून पुढचं सगळं बोलता येईल. मनगटाच्या विषयावर मी शेवटी परत येते.

आधी ती पिशवी. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत बोलकी तीच वाटली.

माहेरी किंवा गावी निघालेली बाई साड्या भरते. रेशनकार्ड, कुलूप आणि भाडेपावत्या ती कशाला बरोबर घेईल? लालबाग-परळच्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून कायमच्या भाड्यानं घेतलेल्या खोलीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे सांगायला नको. पावती म्हणजे खोलीवरचा हक्क. मालकानं पावती फाडायचं थांबवलं की घरात काळजी सुरू. पुनर्विकासाची बोलणी निघाली की पात्र-अपात्रच्या याद्या, आणि त्या यादीत नाव लागायचं तर जुन्या पावत्या हव्यात. तुमच्या सासूबाईंनी त्या पावत्या ट्रंकेच्या तळाशी किंवा देवाच्या फोटोमागे अनेक वर्षं जपल्या असतील, आणि त्यांच्याबरोबर 'आपलं छप्पर जाईल' ही भीतीही जपली असेल. आजारानं त्यांच्याकडून पुष्कळ काही नेलं, ती भीती मात्र नेली नाही. त्या दाराशी उभ्या राहतात तेव्हा त्यांना भांडुप सोडायचं असतं असं मला वाटत नाही. मागे खोली उघडी राहिली आहे, ती कुणी बळकावेल, म्हणून त्या निघतात.

माझा हा अंदाज चुकूही शकतो. त्यामुळं आज संध्याकाळी त्यांनाच विचारून पाहा. "आई, कुलूप कशाला घेतलंत?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला अर्धं मिनिट लागेल. या आजारात प्रश्न कानावर पडल्यापासून उत्तर ओठांवर येईपर्यंत वेळ लागतो, आणि आपण नेमकं तेवढ्यात दुसरा प्रश्न विचारून पहिल्यावर पाणी फिरवतो.

'हेच आपलं घर' हे वाक्य का लागू पडत नाही, तेही समजून घ्या. नव्या आठवणी बसवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला झिजतो. म्हणजे भांडुपचं घर त्यांच्या मनात बसलेलंच नाही. लालबागचा जिना, सामायिक गॅलरी, नळाची वेळ, हे मात्र घट्ट बसलेलं आहे. संध्याकाळी आजूबाजूला पाहिलं की त्यांना एक परकी जागा दिसते आणि एक परकी बाई सांगत असते की हे तुमचंच घर आहे. तुमच्या-माझ्याबाबतीत असं झालं असतं तर आपणही घाबरलो असतो, चिडलो असतो. आणखी एक. झालेला वाद त्या दहा मिनिटांत विसरतात, पण वादानं आलेली बेचैनी लवकर जात नाही. का अस्वस्थ आहोत ते आठवत नाही आणि अस्वस्थता तर आहे, अशा अवस्थेत माणूस रात्रभर येरझाऱ्या घालतो. म्हणून वादात तुम्ही जिंकलात तरी रात्र तुमचीच जाते.

तुम्ही खोटं बोलण्याबद्दल विचारलंत. मला याचं उत्तर एका गिरणी कामगाराच्या मुलीनं शिकवलं. वडील पहाटे पाचला उठायचे, पहिल्या पाळीला जायचं म्हणून डबा मागायचे. सुरुवातीला घरचे सांगायचे, "बाबा, मिल कधीच बंद पडली." १९८२ चा संप होऊन तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती, पण त्यांना तो आठवत नव्हता. त्यामुळं रोज पहाटे त्यांची नोकरी नव्यानं जायची. "मग पगाराचं काय? मुलांच्या फीचं काय?" म्हणत ते डोकं धरून बसायचे. मीही त्या काळात नवखी होते. 'वास्तवाची जाणीव देत राहा' असंच मी त्या मुलीला सांगितलं होतं. तो सल्ला चुकीचा होता आणि त्याचा त्रास त्या म्हाताऱ्या माणसानं सोसला. शेवटी मुलीनंच वाट काढली. ती डबा भरायची, बाबांबरोबर खाली उतरायची, टपरीवर दोघं कटिंग घ्यायचे आणि ती विचारायची, "बाबा, तुमच्या खात्यात कोण कोण होतं हो?" बाबा साच्यांवरच्या सोबत्यांची नावं सांगत बसायचे. अर्ध्या तासानं दोघं वर यायचे आणि डबा घरीच खाल्ला जायचा. ती त्यांना 'मिल चालू आहे' असं एकदाही म्हणाली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बहुतेक वेळा खोटं बोलायची गरज पडत नाही, फक्त नको असलेलं खरं तोंडावर मारायचं नाही. तुमच्याकडे सांगायला खऱ्या गोष्टी भरपूर आहेत. "पावत्या सगळ्या नीट आहेत, एकही हरवलेली नाही." खरं आहे. "आपल्याला घरातून कुणी काढणार नाही." हेही खरं आहे. "लालबागची आठवण येते ना? मला सांगा तिथलं." हे तर तुम्हाला मनापासून विचारता येईल. सासूबाई एखाद्या वारलेल्या माणसाबद्दल विचारू लागल्या, "हे अजून कसे आले नाहीत?" म्हणाल्या, तर मरणाची बातमी पुन्हा देऊ नका. "त्यांची वाट बघताय? कामावरून आले की आधी काय मागायचे ते?" असं विचारा. मात्र एक रेघ मी ओढते. इस्पितळात नेताना, सही घेताना, दागिने काढून ठेवताना आपल्या सोयीसाठी त्यांना फसवू नका. त्यात गेलेला विश्वास परत मिळवणं फार कठीण जातं.

पावत्यांचं लगेच करण्यासारखं एक काम आहे. सगळ्यांची रंगीत झेरॉक्स काढा, प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावा आणि ती फाइल त्यांच्या ताब्यात द्या. मूळ पावत्या कपाटात ठेवा. पिशवी काढून घेऊ नका आणि त्यांच्यासमोर रिकामी करू नका.

आता वेळ. सहा-साडेसहा. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, हे जगभर दिसतं. दिवसभर मेंदू ताण सोसून दमलेला असतो, झोप-जागेचं आतलं घड्याळ बिघडलेलं असतं, उजेड कमी होतो आणि सावल्या लांबतात. आपल्याकडे या वेळेला कातरवेळ म्हणतात, आणि निरोगी माणसालाही ती कातर करते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. म्हणून तर त्या तिन्हीसांजेला झोपू द्यायच्या नाहीत, दिवा लावायच्या, मुलांना शुभंकरोती म्हणायला बसवायच्या. तुमच्या सासूबाईंच्या अंगात ही शिस्त मुरलेली आहे. ती वापरा.

अंधारून यायच्या आधीच, साडेपाचला, घरातल्या सगळ्या ट्यूबलाइट लावा. अर्धवट उजेड सर्वांत वाईट. खिडक्यांचे पडदे ओढून घ्या. उंच इमारतीत बाहेर अंधार झाला की काचेचा आरसा होतो आणि त्यात त्यांना 'कुणीतरी बाई' उभी दिसते. एका घरात आजी रोज सातला ओरडायच्या, 'ती बघतेय' म्हणायच्या. गोळ्या वाढवायची बोलणी चालली होती, आणि शेवटी पडदा लावल्यावर ते थांबलं. तुमच्याकडे बैठकीत आरसा असेल तर तोही झाका. मालिका बंद ठेवा. पडद्यावरची सासू-सुनेची भांडणं त्यांना आपल्याच घरात चालली आहेत असं वाटू शकतं.

पाचच्या सुमाराला थोडं खायला द्या, त्याआधी बाथरूमला नेऊन आणा. भूक आणि लघवी या दोन गोष्टी सांगता आल्या नाहीत की त्या 'घरी जायचंय' या शब्दांत बाहेर येतात. चारनंतर कडक चहा नको, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे नको. सकाळी थोडा वेळ उन्हात बसू द्या, त्यानं रात्रीची झोप सुधारायला मदत होते.

आणि साडेपाच ते सात त्यांच्या हातांना काम द्या. हातांची सवय मेंदूच्या वेगळ्या भागात राहते आणि ती बरीच उशिरा जाते. नातवाचं नाव विसरलेली बाई फुलवाती सुरेख वळते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कापूस आणि ताट समोर ठेवा. मेथी निवडायला, लसूण सोलायला, शेंगा फोडायला द्या. गवारीचे तुकडे लहान-मोठे झाले तर होऊ द्या. आणि नंतर ती भाजी त्यांच्या देखत पुन्हा निवडत बसू नका, ते त्यांना कळतं. दिवा त्यांनाच लावू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा, पदराकडे लक्ष ठेवा.

एवढं करूनही त्या दाराशी आल्याच तर दार अडवू नका. "चला, मी पण येते" म्हणा, चपला घाला, खाली सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारा. परत वर आल्यावर दारावर त्यांच्या ओळखीचं काही दिसलं पाहिजे, म्हणजे जुनं तोरण किंवा लालबागच्या खोलीतला फोटो. चौदा मजल्यांची चौदा दारं सारखीच दिसतात, डोकं शाबूत असलेली माणसंही चुकीच्या मजल्यावर उतरतात.

एक गोष्ट मात्र वागण्याच्या खात्यात टाकू नका. हे सगळं हळूहळू वाढत आलं असेल तर आजाराचा भाग समजू, पण चार दिवसांत एकदम वाढलं असेल, दिवसाही गुंगी असेल, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, आठ-पंधरा दिवसांपूर्वी पडून डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही असू शकतं, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या संसर्गात ताप येईलच असं नाही. बी-१२ आणि थायरॉइड निदानाच्या वेळी तपासलं नसेल तर तपासून घ्या, विशेषतः त्या शाकाहारी असतील तर. घरातल्या गोळ्यांकडेही बघा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली काही औषधं आणि झोपेच्या गोळ्या या आजारात गोंधळ वाढवतात. डोनेपेझिलसारखी स्मरणशक्तीसाठीची गोळी चालू असेल तर तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. ती काही काळ थोडा आधार देते, आजार थांबवत नाही. आणि 'शांत राहण्यासाठी' एखादी गोळी सुचवली गेली तर घाई करू नका. मानसविकारांसाठीच्या त्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. कधी कधी ती लागतात, मी सरसकट विरोधात नाही. पण कशासाठी, किती दिवस आणि कधी बंद करायची, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पहिली गोळी देऊ नका.

त्या एकट्या बाहेर पडल्या तर काय, याची तयारी आजच करा. वॉचमनला त्यांचा फोटो दाखवून ठेवा. ब्लाउजच्या आतून फोन नंबरची पट्टी शिवा, कारण पर्स आणि लॉकेट त्या काढून ठेवतील. दर काही आठवड्यांनी एक नवा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. हरवल्याच तर '२४ तास थांबा' हे कुणाचंही ऐकू नका. लगेच ११२ वर फोन आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार. रेल्वे पोलिसांनाही कळवा. आणि एक माणूस थेट लालबागला पाठवा. हरवलेली म्हातारी माणसं पुष्कळदा जुन्या पत्त्याच्या दिशेनंच जातात. पाय तिकडेच वळतात.

आता नणंद आणि नवरा. तुमच्या नणंदेला सगळं ठीक दिसतं यात ती खोटं बोलत नाही. पाहुणा आला की या आजारातला माणूस सगळं बळ एकवटून दोन तास नीट वागतो, आणि तो गेला की कोसळतो. त्याची किंमत घरात राहणारा मोजतो. त्यामुळं तिला पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका. तिला कातरवेळ द्या. "ताई, महिन्यातले दोन शनिवार तुम्ही दुपारी चारला या, रात्री आठपर्यंत आईंजवळ थांबा, मी घरी नसेन." भेटायला येणं वेगळं आणि सांभाळायला येणं वेगळं. तुम्ही घरात असाल तर सासूबाई तुमच्यामागेच फिरतील आणि नणंद पुन्हा पाहुणीच राहील. म्हणून बाहेर पडाच. कुठं जाऊ असा प्रश्न पडला तर नुसत्या बागेत जाऊन बसा.

नवऱ्याला 'मदत करा' असं मोघम सांगू नका. आईची आंघोळ रविवारी त्यांनी सांभाळायची, औषधांचा डबा दर शनिवारी त्यांनी भरायचा, डॉक्टरांकडे न्यायचं त्यांनी. मुलानं आईची आंघोळ कशी सांभाळायची, असा संकोच आपल्या घरांत असतो. तो मान्य करा आणि त्याच्या बदल्यात दुसरं काम द्या, पण काम द्या. 'मनावर घेऊ नकोस' हे वाक्य बोलणाऱ्यानं आधी दोन संध्याकाळ एकट्यानं काढाव्यात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ब्युरोकडून आईंना सांभाळायला मावशी ठेवणार असाल तर पोलीस पडताळणीची प्रत मागा, आणि माणूस वरचेवर बदलणार नाही हे आधीच ठरवून घ्या. रोज नवा चेहरा आला तर पिशवी सकाळीही भरली जाईल. पहिले काही दिवस तुम्ही घरात असताना तिला येऊ द्या. एका कागदावर लिहून द्या: आईंना काय म्हणून हाक मारायची, चहा कसा लागतो, कोणत्या विषयानं त्या खुलतात, कोणता काढायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सासूबाईंना समजतंय, सही करता येतेय, तोवर बँकेची खाती संयुक्त करून घ्या, नामनिर्देशन तपासा. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. देणाऱ्याची समज गेली की ते आपल्या कायद्यात टिकत नाही आणि मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. जुनी करप्रणाली घेतली असेल तर आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं.

आणि आता मनगट. राग चढताना शरीर आधी सांगतं. कानशिलं तापतात, आवाज चढतो, दात आवळले जातात. तुमचं काय होतं ते ओळखून ठेवा. ते जाणवलं की मुख्य दाराला कडी, गॅस बंद, आणि तुम्ही पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत. त्या आरडाओरडा करतील, करू द्या. पाच मिनिटांच्या ओरडण्यानं त्यांना इजा होणार नाही. बाहेर येताना हातात काहीतरी घेऊन या, पाण्याचा तांब्या किंवा कापसाचं ताट, आणि समोरून या, मागून खांद्याला हात लावू नका. बऱ्याचदा तोवर त्या दाराशी का उभ्या होत्या हेच विसरलेल्या असतात. तुम्हालाही तेवढ्या वेळापुरतं विसरता आलं तर पाहा.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखं रोज संध्याकाळी दाराशी उभं राहणारं माणूस लाखो घरांत असेल. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही १९९२ पासून याच आजारावर काम करणारी संस्था, तिची मुंबईत शाखा आहे. तिथं सांभाळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४५६७. आणि हा दुसरा तुमच्यासाठी: टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. रात्री दोन वाजताही लागतो, मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, 'यांच्याआधी मीच जावं' असा विचार येत असेल, तर तो फोन उद्यावर टाकू नका.

पुढच्या तपासणीला जाताना तीन गोष्टी न्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अगदी सर्दीच्या आणि पोट साफ होण्याच्यासुद्धा. आठ दिवसांची वही: पिशवी किती वाजता भरली, त्याआधी काय चाललं होतं, पोट कधी साफ झालं, झोप किती लागली. आणि सासूबाईंना बाहेर बसवून डॉक्टरांना किंवा तिथल्या समाजसेविकेला मनगटाचं सांगा, जसं इथं सांगितलंत तसंच.